एकशे ब्याण्णव तक्रारींचं झाड

—नाही नाही, कळलं मला. तीनदा सांगितलंत, तिन्ही वेळा कळलं. नकाशातल्या झाडावर एकदा दाबलं की तक्रार, दोनदा दाबलं की नकाशा मोठा. वा! आणि समजा एखाद्याला नकाशा नुसता मोठा करायचाय, म्हणून त्यानं दोनदा दाबलं — तर तुमचा नकाशा काय करतो? पहिलं दाबणं, एक तक्रार. दुसरं दाबणं, आणखी एक तक्रार. आणि दोन्ही नोंदवून झाल्या की मग सावकाश मोठा होतो. बरोबर ना? नुसती मान हलवू नका, इंजिनियरसाहेब, मान आमचे साहेबही हलवतात. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय गेलाय — ही घ्या.

सव्वीस वर्षं आहे मी पालिकेच्या या वृक्ष शाखेत. पूर्वी लोक अर्ज घेऊन यायचे, दारातलं झाड वाकलंय, पडेल म्हणून. मी वही घेऊन जायचो, बुंधा ठोकून बघायचो, कुठे पोकळ वाजतोय का ते. आता? आता लोकांनी घरबसल्या हिरव्या ठिपक्यावर दाबायचं — हे झाड धोकादायक! पंचवीस तक्रारी झाल्या की झाड आपोआप यादीत, यादी साहेबांच्या सहीला, सही झाली की कापणाऱ्यांच्या गाडीत. मध्ये झाड बघितलं कुणी? छे हो, बघायचं कशाला, नकाशा आहे ना! आणि आज यादीत पहिला नंबर कुणाचा, तर एका तुतीचा. एकशे ब्याण्णव तक्रारी! गेल्या वर्षी बाजारात जे झाड टेम्पोवर आडवं झालं, त्याला चार होत्या. आणि ही तुती चांगली धडधाकट, फांद्या अशा अंगणभर, खाली सावली — म्हणजे असेल. अंदाज आपला. फोटोवरून.

म्हणून तर तुम्हाला बोलावलं. म्हटलं, कुणी विघ्नसंतोषी शेजारी असेल, तेवढ्या तक्रारी पुसा आणि चहा घेऊन जा. तर तुम्ही लॅपटॉप उघडून पहिलं काय शोधलंत? तक्रारी कुठल्या कंप्युटरवरून आल्या! विचारलं होतं का मी? नाही विचारलं. पण तुमची हुशारी उतू चालली होती ना — फिरवा इकडे, वाचतो मीच. वृक्ष शाखा, टेबल क्रमांक तीन. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटं. हं. टेबल क्रमांक तीन म्हणजे — हो, हेच. चष्मा आहे मला, दिसतंय.

मग? जेवणाच्या सुट्टीत लोक पत्ते कुटतात, टेबलावर डोकं ठेवून घोरतात, मी नकाशा बघतो. गुन्हा झाला? आणि बघायचा तर दोनदाच दाबणार ना! आम्हाला कंप्युटर शिकवायला एक बाई आल्या होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — काहीही उघडायचं असेल तर दोनदा दाबा. मी तेव्हापासून सगळं दोनदा दाबतो, लिफ्टचं बटणसुद्धा. तर त्याच तुतीच्या ठिपक्यावर पहिल्यांदा दोनदा दाबलं की शहर जरा जवळ येतं, मग नदीपलीकडचा भाग, मग गल्ली, मग घर, मग अंगण, आणि सहाव्यांदा दाबलं की नुसते चौकोन चौकोन. सहा दुणे बारा, सुट्ट्या सोडून सोळा दिवस. एकशे ब्याण्णव. गणित तरी चोख आहे तुमच्या नकाशाचं, अभिनंदन.

काय म्हणालात? पहिलं दाबल्यावर पाव सेकंद थांबून बघता येतं, दुसरं येतंय का? आलं तर तक्रार धरायची नाही? मग थांबत का नाही तुमचा नकाशा, गाडी चुकते का त्याची? — आधी थांबायचा? आणि तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही ते काढून टाकलंत? का? — नकाशा संथ वाटतो, असं कुणीतरी कळवलं. कुणी? — आमच्या साहेबांनी! अहो, माझ्या बढतीच्या एका सहीला सात महिने लावणारा माणूस, त्याला पाव सेकंद जड झाला! धन्य ते साहेब आणि धन्य तुम्ही, लगेच ऐकणारे.

कुणाचं घर म्हणजे? असतं कुणाचं तरी. घरं काय, लोकांचीच असतात. — मुलीचं आहे. माझ्या मुलीचं. झालं समाधान?

जात नाही मी तिथे. सहा वर्षं झाली. जावई गाड्यांचे पत्रे ठोकतो — उत्तम ठोकतो म्हणे, लांबून लोक येतात त्याच्याकडे — पण तेव्हा मला वाटलं, आपली पोर एवढी शिकलेली, आणि हा हातोडीवाला. चारचौघांत म्हणून गेलो, याच्या घराची पायरी चढणार नाही. झालं. तोंडातून गेलं ते गेलं, मग माघार कशी घ्यायची? बायको जाते. दर बुधवारी. मला सांगते, दाताच्या डॉक्टरकडे. सहा वर्षं, दर बुधवारी! माणसाला दात बत्तीस हो, ही काय मगर आहे? पण मी बोलत नाही. तिनं तिची सोय केली, मी माझी. वरून बघायला काही पायरी चढावी लागत नाही. शब्द राहिला, घरही दिसलं.

नकाशातला तो आकाशातून काढलेला फोटो जुना आहे, माहितीये मला, तीन वर्षांपूर्वीचा, त्यात काही हलत नाही. पण तुतीच्या कडेला एक पिवळा ठिपका आहे. मला वाटतं, ती नात आहे. तेव्हा नुकती चालायला लागली असेल. पिवळा फ्रॉक होता तिला, बायकोच्या पिशवीत बघितलाय मी — दाताच्या डॉक्टरकडे जाताना! ... बादली असेल म्हणता? असेल. असू दे बादली. मी रोज एका बादलीला भेटून येतो, तुमच्या बापाचं काय जातं? — माफ करा. तुमचे वडील चांगलेच असणार. भेटता ना त्यांना? भेटत जा.

किती वाजले? पावणेअकरा. अकराला गाडी पोचते तिथे. मुकादमाला चार फोन केले, एकदा उचलला. म्हणाला, यादीत आहे ना, मग पाडणार, आणि ठेवून दिला. साहेब मीटिंगमध्ये, फोन बंद. आणि यादीतलं झाड काढायला साहेबांचीच सही लागते, हा नियम मीच टाईप केलाय, याच टेबलावर. एकच पळवाट — घरच्या माणसानं झाडापाशी उभं राहून नको म्हटलं, तर गाडी परत फिरते. बायको? तिचा फोन घरी ओट्यावर वाजतोय, बाई बाजारात. आणि आज बुधवारही नाही.

तुम्ही करा ना फोन. नकाशाचा इंजिनियर बोलतोय म्हणा, तुमचाच तर पराक्रम आहे. माझं नाव अजिबात काढू नका. नंबर घ्या — नाही, लिहिलेला नाही कुठे, पाठ आहे. सहा वर्षांत एकदाही लावला नाही, तरी पाठ आहे. भीती? कसली भीती? तिनं आवाज ओळखून ठेवून दिला तर — तर झाड जाईल हो, म्हणून म्हणतोय. तिच्या पोरीची सावली जाईल, आणि सगळ्या गावाला कळेल की बापानं एकशे ब्याण्णव वेळा सांगून पाडलं. लावलात? वाजतोय? — अहो, माझ्याकडे काय देता! धरा तुम्ही, अहो—

हॅलो. ... हॅलो, कोण बोलतंय? ... अच्छा. मोठी झालीस की गं. आई कुठाय? ... मिक्सर लावलाय? तोच ना तो घर्र आवाज? नक्की मिक्सरच? बाहेर गाडीबिडी नाही ना आली? ... बरं. आता नीट ऐक, बाळ. पळत जा, आईला सांग, मिक्सर बंद कर आणि झाडापाशी जाऊन उभी राहा. माणसं येतील, त्यांना म्हणावं, नाही पाडू देणार. सांगशील? म्हण बघू एकदा. ... शाब्बास. जा, पळ. ... काय? कुणाचा फोन म्हणून सांगू?

...

आजोबांचा. ... आजोबांचा म्हणून सांग. ... हो गं. आहेत. तुलाही आहेत.

—अहो, तुम्ही काय बसून ऐकताय? उठा. बाहेर थांबा जरा. आणि जाताना दार ओढून घ्या.