भाईच्या मोटरीतलं काळं मॅग्नेट

मी रेवदंड्याचा. जन्म इथला, शाळा इथली, कबरस्तानात जागा पण इथंच मिळंल, इन्शाअल्ला. बाप मच्छीमार, आजा मच्छीमार, थोरला भाई हसन, तो पण मच्छीमार, मीच एकटा पाण्याचा न्हाय निघालो. होडीत बसलो की उलट्या. बाप लवकर गेला, मला मोठा केला तो भाईनं. ताटात मच्छीचा मोठा तुकडा पडला की तो उचलून माज्या ताटात टाकायचा, आणि मला काय आवडत न्हाय असं बोलायचा. दर्याच्या माणसाला मच्छी आवडत न्हाय, सांगा आता.

मला त्यानं अलिबागला मोटरी भरायच्या दुकानात ठेवला. जळलेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. तिथनं कुवेतला गेलो, तिथं पण मोटरीच, मंग परत येऊन बाजारात माजं दुकान टाकलं. आता या नव्या मोटरी आल्या, पंख्यात, स्कूटरीत, त्यांच्यात ब्रश, म्हंजे आत घासणारे कोळशाचे तुकडे, न्हाय, बाहेर तार आणि आत फिरणाऱ्या भागाला मॅग्नेट चिकटवलेली. सगळा खेळ त्या मॅग्नेटचा. एक असतं चकचकीत, इवलंसं, पण ताकद अशी की बोटाची कातडी मधी सापडली तर रगत काढतं. दुसरं काळं, स्पीकरमधी असतं ना, तसलं, ताकदीला कमी. चकचकीताचे दोन दुश्मन, गरमी आणि खार. काळ्याला दोन्हीचं काय न्हाय. कुठं कुठलं टाकायचं, हे मला झोपेत विचारा, सांगंन. पण काय सांगू तुमाला, भाईच्या होडीला कुठलं टाकायचं ते मला आजपत्तोर न्हाय कळलं.

झालं काय, भाईला लकव्याचा झटका आला. वाचला, अल्लाचा शुकर, पण डावा हात उचलंना. आणि होडीचं इंजिन दोरी ओढून चालू होणारं, एक हात इंजिनवर दाबायचा आणि दुसऱ्यानं झटका मारायचा. ल्हान होडी, सोबत कोण येणार. मंग तो ओटीवर बसून ऱ्हायचा, एका हातानं जाळ्याची गाठ मारायचा, सुटायची, परत मारायचा. भाभी बोलायची, इकबाल, कायतरी कर रे, हा माणूस असा बसून मरंल.

मी बटणावर चालणारी मोटर बनवली. बॅटरी, मोटर, लांब दांड्याला पंखा. मॅग्नेट चकचकीत टाकली, भाईला बाहेर जायचं व्हतं ना, खाडीच्या मुखातनं ओहोटी-भरतीशी झगडून जायला-यायला ताकद पायजे. पयल्या दिवशी गेला आणि पापलेट घेऊन आला. माज्या डोक्यावर हात ठेवून रडला, एवढा तांडेल, होडीचा कप्तान माणूस. मी पण रडलो, लपवून काय करू.

मंग मोटर घुरघुरायला लागली. उघडली तर मॅग्नेटची चमकती साल सुटलेली, आत काळा भुगा, फुगून तारेला घासत व्हता. बदलली. परत तेच. एकदा तर भर मुखात अडकली, भाई एका हातानं वल्हं मारतोय आणि होडी जागच्या जागी फिरतेय, दुसऱ्या बोटीनं ओढून आणला त्याला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी बंदरावर गेलो. तर भाई खाडीच्या पाण्याची बादली गुडघ्यावर टेकवून मोटरीवर ओततोय, काथ्यानं घासतोय, परत ओततोय. आमच्या घरची रीतच ती, दर्यावरनं आलं की होडी आणि इंजिन धुतल्याबिगर घरी जायचं न्हाय, जिनं पोट भरलं तिला मळकट ठेवायचं न्हाय. मला बघून हसला. बोलला, बघ, पोरीसारखी न्हाऊ घालतो तुज्या मोटरीला.

भाई, या खाऱ्या पाण्यानं तूच मारतोयस तिला, असं बोलू? गमतीत बोललो, गोडं पाणी वापर की. तर बोलला, वेडा झालास, हितं प्यायला गोडं पाणी मिळंना. आणि न धुता पण खारी हवा हाय, लाटेचं पाणी हाय, खार खाणारच, जरा उशिरा. मोटरीचा डबा पॅक बंद करून बघितला तर आत गरमी साठली, आणि ते मॅग्नेट गरमीनं एकदा मेलं की थंड झाल्यावर पण जिवंत होत न्हाय, दिसायला मात्र तसंच. तिसरी एक जात हाय, तिला खारही खात न्हाय, गरमीही न्हाय, पण ल्हान दुकानदाराला दोन-चार कोण देतो, कंपनीवाले फोनच ठेवतात.

शेवटी काळं टाकलं. आता कितीबी धुवा, काय होत न्हाय. खाडीत होडी मस्त चालते, बोयटं मच्छी मिळते, चिंबोऱ्या मिळतात. पण मुखापाशी गेली की भरतीपुढं उभीच ऱ्हाते. मोठी काळी मॅग्नेट टाकली तर मोटर एवढी जड की भाईला एका हातानं पाण्यातनं वर काढता येत न्हाय. दोन्हीकडनं बंद.

एका जुम्म्याला नमाज पढून दोघं बंदरावर बसलो व्हतो. बाहेर दुसऱ्यांच्या बोटी दिसत व्हत्या. भाई तिकडंच बघत बोलला, इकबाल, खरं सांग, मी बाहेर जाऊ नये म्हणून तू मुद्दाम कमजोर मॅग्नेट टाकलंस ना? न्हाय बोललो तर धुण्याचं सांगावं लागंल, त्याच्या हातानंच त्याचा दर्या बंद झाला हे सांगावं लागंल. व्हय बोलावं, तर ते पण अगदीच खोटं न्हाय, तो मुखात गोल फिरत व्हता तवा मी हितनं बघत व्हतो, याला परत बाहेर न जाऊ द्यावं असं मनात आलंच व्हतं. मी पायाशी पडलेली दोरी गुंडाळायला लागलो. तो बोलला, ऱ्हाऊ दे, समजलो मी, माज्यासाठीच केलंस. एवढं बोलून उठला आणि बादली घ्यायला वाकला.

अल्ला त्याला उमर देवो. त्या दिवसापासनं मी रोज दुकान बंद करून बंदरावर जातो. बादली मी भरून देतो, धुतो तो.