नदीवर भेटलेला सौरिएल

(अमेरिकेतलं नेपरव्हिल. इराकहून आलेल्या जहरूनचं घर. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. बाहेर शेजारचे देवानंद आणि ड्यूटीवरून परस्पर इथे आलेली त्यांची सून उपासना.)

देवानंद : थांब, आत जाऊ नकोस.

उपासना : का? गेले जहरूनकाका?

देवानंद : आहे अजून. बस जरा.

उपासना : अंगावर हॉस्पिटलचा गाऊनच आहे का? बाबा, मी नर्स आहे, सांगते ना, संध्याकाळ नाही गाठायचे ते. त्यांच्या मंदाई धर्मात जीव जायच्या आधी नदीच्या पाण्यानं अंघोळ घालून पांढरी वस्त्रं घालावी लागतात. नाहीतर आत्मा वाटेतच अडकतो.

देवानंद : मला काय सांगतेस? त्याची पोरगी ऐकायला हवी ना. सलवा सकाळपासून ती वस्त्रं मांडीवर घेऊन बसलेली. कुणाला हात लावू देईना. म्हणे, हे चढवलं की सौरिएल येणार.

उपासना : सौरिएल म्हणजे त्यांचा मृत्यूचा देवदूत?

देवानंद : तोच. म्हणाली, मीच त्याला फोन करून बोलावल्यासारखं होईल.

उपासना : मग तुम्ही काय केलंत?

देवानंद : म्हटलं, तो आलाय कधीचा. मला नदीवर भेटला.

उपासना : बाबा, प्लीज. मी डबल शिफ्ट करून आलेय.

देवानंद : त्याचीही तीच गत. मी बर्फ फोडून बादली भरतोय, तर हा काठावर उभा. डोळे तांबारलेले, पाय ओले. आपण पडलो बौद्ध, आपल्याकडे त्याची फेरी नाही. म्हणून मोकळेपणी बोलला.

उपासना : काय बोलला?

देवानंद : म्हणाला, लोक उगाच घाबरतात मला. मी ओढून नेत नाही कुणाला, नुसत्या जिवाच्या गाठी सोडतो. जहरूनच्या तर आपोआप सुटत आल्यात. पण त्या गाऊनवर कसा पाठवू? पलीकडे ओळखेल का कुणी त्याला?

उपासना : आणि हे सलवाला पटलं? इंजिनिअर बाई आहे ती.

देवानंद : छे! पण तिनं विचारलं, पाणी फार गार आहे का?

उपासना : आणि?

देवानंद : आहे म्हटलं. तर बादलीशी बसली. एकेक ओंजळ हातात धरायची, जरा ऊब आली की बापाच्या अंगावर सोडायची. मी दार लोटून बाहेर आलो.

उपासना : बघते मी हळूच. ...झालंय बाबा. सगळं घातलंय तिनं. कमरेचा पट्टा बांधतेय.

देवानंद : आणि जहरून?

उपासना : श्वास लांबलेत. चेहरा शांत आहे.

देवानंद : बरं. जा तू, घरी जाऊन पड. मी बसतो.

उपासना : आणि तुमचा तो आला तर?

देवानंद : खुर्ची पुढे करीन. दमलाय गं तोही.