अनंताला हात लावू नकोस

हात लावू नकोस. सांगितलं ना, लांबून बघ. अनंताच्या फुलाला बोट लागलं की तासाभरात डाग पडतो, मग ते कोण घेणार? काय — गिऱ्हाईक नाहीस? ते दिसतंय मला. फाटकातून शिरलीस तेव्हाच ओळखलं. नाक आईचं, चालही आईचीच, सगळी जागा आपल्याच बापाची असल्यासारखी. आणि मावशी म्हणू नकोस. अठरा वर्षं तुला मावशी नव्हती, आज फूल हवं झालं म्हणून उगवली होय?

आई अंथरुणाला खिळलीय. बरं. जेवत नाही, बोलत नाही, नुसता अनंताचा वास मागते — मग मी काय करू? तिचं झाड होतं ना? ते तिच्या वाट्याला कसं गेलं, सांगितलं तिने? नाही सांगणार. वडिलांनी लावलेलं, खिडकीखाली. त्यांच्यामागे पाणी कोणी घातलं — मी. साबणाच्या फडक्याने पानामागचे किडे कोणी पुसले — मीच. आणि वाटणी झाली तेव्हा घर थोरलीला, घराबरोबर झाडही थोरलीला. मला काय, तर खुरपं. हसत हसत दिलं वर, ‘तुला आवडतं ना बाई’. म्हणून निघायच्या आधी एका फांदीला गुटी बांधली होती मी. साल गोल सोलायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक — दोन महिन्यांत मुळं फुटतात. ती फांदी कापून आणली, तीच ही समोरची. याला चोरी म्हणत नाहीत.

आणि तिचं झाड मेलं त्यात माझा काय दोष? सगळ्या नातेवाइकांत माझं नाव घेतलं असेल तिने — घेतलंच असणार. चार निरोप आले तिचे, मी एकालाही उत्तर दिलं नाही, शिव्या खायला कोण जाणार? अगं, अनंत नाजूक जात. त्याला आंबट माती लागते. चुना लागला की पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मग कळ्या गळतात. त्यात तेव्हा भिंतींना सफेदी चालली होती, आणि तीन बादल्या चुन्याचं पाणी बुंध्यात, तेही भर दुपारी, ती झोपलेली असताना, मग कुठलं झाड जगेल —

मला कसं माहीत म्हणजे? रंगारी ओततातच, सगळीकडे ओततात. अशी बघू नकोस. डोळेही तिचेच घेऊन आलीस.

बरं, मी ओतल्या. राहिलेली भांडी न्यायला गेले होते, बादल्या तिथेच होत्या. तो वास तिच्या खिडकीतून आत जायचा, आणि मी दोन खोल्यांत खुरपं घेऊन बसलेली. नाही बघवलं मला. जा, सांग तिला, म्हणावं तुझंच खरं होतं.

काय? पुन्हा बोल. ‘माझ्याच हातून गेलं, माझ्या हाताला गुण नाही’ — असं सांगायची? सगळ्यांना? आणि चुन्याचं तू आज पहिल्यांदा ऐकतेयस. मग तिला कळलंच नसेल — दुपारी झोपली होती ना ती. कधीच झोपत नाही? खिडकीपाशी शिवत बसते? रोज?

म्हणजे बघत होती. आणि निरोप पाठवत होती.

गप्प बस जरा. ती कात्री दे इकडे. फूल नाही, पोचेपर्यंत काळवंडेल. ही कळी ने, दोन पानांसकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. उशाशी ठेव, संध्याकाळपर्यंत उमलेल. मी? मी नाही येणार. डोळे कसले पुसतेस, तुला काय झालं रडायला? आणि तिला काही सांगू नकोस. तिला माहीत आहे. जा म्हटलं ना — फाटक ओढून घे.