सुरीची खूण, कुशीची खूण

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. दिगूअण्णा, पेटीचा भाता थांबवा. आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढं जाऊ.

माणूस जन्माला येतो. नाक आजीचं, चाल चुलत्याची, राग — राग कुणाचा ते घरोघर भांडण असतं! आई म्हणते, "तुमच्याकडनं आलाय." बाप म्हणतो, "तुझ्या माहेराहून आलाय." हसता काय? तुमच्याच घरातलं सांगतोय! पण मग पुढं गाव त्याच्यावर आणखी काही लिहितं. हा अमक्याचा, हा तमक्याचा, ह्याचा बाप असा होता, म्हणजे हाही तसाच. तर माझा प्रश्न असा — रक्तातून काय येतं, आणि लोकांनी वरून लावलेलं काय असतं? आणि हे ओळखायचं कसं? माणसाला विचारून उपयोग नाही. माणूस खोटं बोलतो. म्हणून आपण आज मेंढराला विचारू.

माणदेशाच्या कडेला हिंगणवाडी नावाची वस्ती. धनगरांची. तिथं धुळा नावाचा मेंढका होता. गरीब गडी, पण ढोल वाजवायला बसला की बिरोबाच्या देवळासमोरचं लिंब हलायचं! त्याची करंगळी आत वाकडी. अशी. (बघा, माझी सरळ आहे, वाकवून दाखवतोय!) त्याच्या धाकट्या लेकीची, हौसाची, करंगळीही तशीच वाकडी. थोरलीची मात्र सरळ. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

हौसाची सोयरीक मायाप्पाच्या पोराशी, बिरूशी, ठरली होती. सुपारी फुटली होती. मायाप्पा म्हणजे वस्तीतला मोठा कळपवाला, हिशेबी आणि तिखट. पण पोरगं सरळ. हौसाला ते पोरगं मनातनं आवडलं होतं. लाजली म्हणून सांगितलं नाही, पण पाणी आणायला ती बिरूच्या रानाकडच्या लांबच्या विहिरीवर जायला लागली, म्हणजे कळलंच की!

आता धनगरांची एक रीत. मेंढरं सगळी काळी, सगळी सारखी. मग ओळखायची कशी? कान कातरायचे! प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी उजव्या कानाला भोक पाडतो, कुणी टोक उडवतो. मायाप्पाच्या घराची खूण अशी — डाव्या कानाच्या कडेला कोयरीसारखी एक खाच. त्या खुणेवर भांडणं मिटतात. त्या खुणेवर चोर ठरतात.

त्या वर्षी मायाप्पाचा आणि धुळाचा, दोन्ही कळप चरणीला एकत्र गेले. मुक्काम एकत्र, रान एकत्र. येताना मायाप्पा आधी निघाला, घरी पोचला, कोकरांचे कान कातरून मोकळा झाला. धुळा बऱ्याच दिवसांनी मागाहून आला. त्याच्या कोकरांना अजून सुरी लागायची होती. बिरोबाच्या माळावर सगळ्यांसमोर कान करायचे म्हणून त्यानं कोकरं आणली. हौसा एकेक धरून देत होती. आणि एक मादी कोकरू तिनं धरलं, तर —

डाव्या कानाला खाच!

हौसानं बोट फिरवलं. बापाची सुरी तर अजून कमरेलाच आहे! तिनं बापाकडं बघितलं. बाप कोकराकडं बघतोय. आणि मायाप्पा तिघांकडं बघतोय!

"हे माझं हाय," मायाप्पा म्हणाला. "मी सोताच्या हातानं कान केल्यालं एक कोकरू रानात हरवलंय. ते तुझ्या कळपात कसं, धुळा?"

"पाव्हणं, हे माझ्या बोरी मेंढीचं. माझ्या डोळ्यांदेखत जन्मलंय."

"मग त्याच्या कानाला माझी सुरी कशी?"

आता सांगा! काय उत्तर द्याल? वस्तीचे जाणते, सिदू कारभारी, सगळ्यांचे तात्या, त्यांनी कोकरू सोडून दिलं. ते धावत बोरी मेंढीला जाऊन लुचायला लागलं. धुळा म्हणाला, "बघा!" मायाप्पा हसला. म्हणाला, "तात्या, आमी बी मेंढकेच हाव. मेलेल्या कोकराचं कातडं दुसऱ्याला पांघरायचं, आई वासावर फसती. हे ह्याला येत न्हाई व्हय?"

आलं की नाही ध्यानात! मेंढक्याच्या डोळ्यात मेंढकाच धूळ फेकणार. सिदूतात्यांनी कानाची कड चाचपली. कड मऊ होती, लव होती. पण मायाप्पा म्हणाला, जखम भरली की लव येते. दुसऱ्या मेंढराचा कातरलेला कान शेजारी धरून बघायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून काही सिद्ध होईना. माणसं कुजबुजायला लागली. आणि मायाप्पानं तोंडातून शब्द काढला — "चोराच्या घरची लेक मी सून करायची न्हाई."

धुळानं ढोलाची दोरी खांद्यावरून काढली आणि ढोल खाली ठेवला. हौसाला रडू आलं नाही, राग आला. आणि रागात माणसाला कधीकधी फार स्वच्छ दिसतं, मंडळी! ती पुढं आली.

"मामा, एक इचारू? तुमच्या घरात कान कवापासनं कातरत्यात?"

"माझ्या पणज्याच्या आधीपासनं."

"आन् एवढ्या पिढ्यांत खाच घेऊन जन्मलेलं एक तरी कोकरू बघितलं?"

मायाप्पानं नकाराची मान हलवली.

"न्हाई ना? दरसाल कोकरं येत्यात, पुरे कान घेऊन येत्यात. म्हणून तर दरसाल सुरी लागती! सुरीची खूण सुरीपाशी ऱ्हाती मामा, कुशीत जात न्हाई. मग हे कोकरू तात्यांच्या वाडग्यात, काट्यांच्या कुंपणात ठेवा. ना तुमच्याकडं, ना आमच्याकडं. त्याला पिल्लं होऊ द्या. कान तुमच्या सुरीनं कातरला असंल तर पिल्लं पुऱ्या कानाची येतील. आन् आईच्या पोटातनं खाच आली असंल, तर पिल्लात बी उतरंल."

वा! वा! अण्णा, एक सूर द्या ह्या पोरीसाठी! म्हणा माझ्याबरोबर —

*सुरीची खूण सुरीपाशी राहे।*
*कुशीची खूण पुढे वाहे॥*

आता तुमच्यातला एखादा चौकस विचारील — बुवा, कुशीत खाच आली तरी कुठून? आधीच्या मेंढरांना नव्हती, मग ह्याच घराण्यात कशी? छान विचारलंत! (कुणी विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं!) तुमच्याच गावची गोष्ट सांगतो. काल संध्याकाळी मी तुमची आरती ऐकली. शेवटी तुम्ही एक टाळी जास्त वाजवता. शेजारच्या गावात ती नाही! का वाजवता?

"आमच्याकडं असंच हाय!"

बरोबर! कुणा आजोबाची कधीतरी चुकून एक टाळी जास्त पडली. शेजारी बसलेलं पोरगं ते बघून शिकलं. त्याच्याकडून त्याचं पोरगं शिकलं. कुणी ठरवलं नाही, कुणी पाप केलं नाही. उतरवून घेताना एक फरक पडला, आणि पुढच्या सगळ्यांनी तो फरक जसाच्या तसा उतरवून घेतला. जीव जीवापासून उतरतो तेव्हा असंच होतं. आईबापाचं सगळं उतरवून घेताना कुठंतरी एक टाळी जास्त! बहुतेक वेळा कळतही नाही. कधी त्यानं जीव जातो. कधी मांजराला सहा बोटं येतात, कधी काळ्या म्हशीच्या कपाळाला पांढरा टिळा येतो, कधी लाल फुलाच्या झाडाला एका फांदीवर पांढरं फूल येतं. मेंढरू असो, माणूस असो, झाड असो, उतरवून घेण्याची रीत एकच! शाळेतली पोरं त्याला जनुक म्हणतात, आणि फरक पडला की म्हणतात उत्परिवर्तन. शब्द एवढा मोठा की गाताना माझा श्वास पुरत नाही. आपण आपली टाळीच म्हणू.

तर कोकरू सिदूतात्यांच्या वाडग्यात वाढलं. हौसानं त्याचं नाव ठेवलं बुची. तिला भेटायला जायची बंदी होती, म्हणून हौसा कुंपणाबाहेरून बघायची. आणि वस्ती काय करत होती? वस्ती वाट बघत नव्हती, मंडळी! वस्तीनं निकाल देऊन टाकला होता. धुळाला जत्रेत ढोलावर कुणी बोलावलं नाही. विहिरीवर बाया हौसाची घागर बाजूला सारायच्या. थोरलीच्या सासरी तिच्या लेकराला पोरं म्हणायची, चोराचा नातू! त्या लेकराला चोरी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

बुची मोठी झाली. सिदूतात्यांच्या पुऱ्या कानाच्या मेंढ्याकडून गाभण राहिली. दिवस भरले. सकाळच्या उन्हात सगळी वस्ती वाडग्याभोवती गोळा झाली. धुळा लांब बसला होता. हौसाचा जीव मुठीत. कोकरू पडलं. सिदूतात्यांनी पुसलं, उचललं, डावा कान बघितला —

कान पुरा!

अरेरे! मायाप्पा म्हणाला, "झालं? तुमच्या पोरीनंच सांगितल्यालं हुतं. आता सुपारी मोडली समजा." बिरू खाली मान घालून उभा. धुळा उठला आणि आपल्या वाटेनं चालायला लागला. हौसाला वाटलं, मीच बापाच्या गळ्यात फास अडकवला.

पण चालणाऱ्या बापाचा हात तिला दिसला. हातात काठी होती, काठीवर ती वाकडी करंगळी होती.

"थांबा!" हौसा ओरडली. "तात्या, आबाची करंगळी वाकडी हाय. माझी बी वाकडी हाय. थोरलीची सरळ हाय. मग थोरली काय आबाची न्हाई?"

वस्तीत एक म्हातारी खुदकन हसली. सिदूतात्यांनीही मिशीवर हात ठेवला.

"लेकरू दोघांचं आसतं, तात्या. बुचीचं थोडं, मेंढ्याचं थोडं. बुचीकडं खाच हाय म्हणून प्रत्येक पिल्लाला मिळंलच असं कुठं हाय? मला मिळालं, थोरलीला न्हाई मिळालं. आणखी एक वेत बघा. मग माझी सुपारी मोडा न्हाईतर मला गावाबाहेर काढा!"

सिदूतात्यांनी कोकरू बुचीपाशी सोडलं. मग म्हणाले, "पोरगी खरं बोलती. माझी दोन पोरं गोरी, एक काळं. तिन्ही माझीच हायेत, असं मी धरून चाललोय!" हशा झाला, आणि त्या हशात हौसाला आणखी एक वेत मिळालं.

ते वर्ष तिला कसं गेलं, ते तीच जाणे. ढोलाला धूळ बसली होती. पण पुढच्या वेताला बुची पुन्हा व्याली. तोच वाडगा, तीच माणसं. कोकरू अजून ओलं होतं, नाळ लोंबत होती. सिदूतात्यांनी डावा कान दोन बोटांत धरला, आणि तो सगळ्यांसमोर वर केला.

खाच! डाव्या कानाच्या कडेला, कोयरीसारखी! आणि अजून कुणाची सुरी त्या वाडग्यात आलीच नव्हती!

बिरोबाच्या नावानं चांगभलं!

पण थांबा. गोष्ट अजून संपली नाही. बिरू पुढं आला. पोराचं तोंड पांढरंफटक.

"दादा," तो बापाला म्हणाला, "आपल्या वाडग्यात बी अशी कोकरं हायेत. मी कान करायला बसायचो, तर एखाद्याला आधीच खाच दिसायची. मला वाटायचं, तुमी केली आसंल. म्हणून सोडून द्यायचो."

मायाप्पाचं तोंड उघडंच राहिलं. "आरं, मला वाटायचं तू केली!"

ऐकलंत? बाप म्हणतो पोरानं केलं, पोर म्हणतो बापानं केलं, आणि दोघांच्या मधून ती खाच बिनबोभाट पुढं चालली होती! मायाप्पा तसाच धावत घरी गेला. त्याचा म्हातारा मेंढा, ज्याच्यावर त्याचा मोठा तोरा, त्याचा कान त्यानं आयुष्यात पहिल्यांदा नीट चाचपला. इतर मेंढरांच्या खाचेची कड जखम भरूनही टणकच, सुरी लागलेली. ह्याची कड मऊ, लवेची. ह्याला सुरी लागलीच नव्हती!

आणि चरणीला जाताना दोन्ही कळप कुठं मुक्कामाला होते? एकत्र! म्हणजे बुची धुळाच्या बोरीची खरीच, पण बाप मायाप्पाचा मेंढा! मायाप्पाला त्याची हरवलेली खूण सापडली होती, मंडळी. त्याला ती चोरी वाटली, आणि ती निघाली सोयरीक! माणसं सुपारी मोडायला निघाली होती, मेंढरांनी लग्न कधीच लावलं होतं!

मायाप्पा परत आला. मोठा माणूस, माफी मागायची सवय नाही. कसं मागणार? कमरेची कान कातरायची सुरी त्यानं काढली आणि हौसाच्या हातात दिली.

"पोरी, आता आमच्या घरात आधी तू कान बघायचा, बोटानं चाचपायचा. मगच सुरी लावायची. आमाला बघता आलं न्हाई."

हौसानं सुरी घेतली. पण बापाकडं बघून म्हणाली, "मामा, माझ्या आबाला तुमी दोन वर्सं जी खाच पाडली, ती कशी भरायची?"

मायाप्पा धुळाच्या घरात गेला, ढोल उचलला, स्वतःच्या धोतरानं पुसला, आणि सगळ्या वस्तीसमोर धुळाच्या गळ्यात अडकवला. धुळाच्या डोळ्यांना धार लागली होती. वाकडी करंगळी ढोलाच्या कडेवर टेकली, आणि वाडग्यातली मेंढरं बुजली असा पहिला ठोका पडला!

पुढं लग्न लागलं, आणि हौसाला लेक झाली. बाया आधी करंगळी बघायला धावल्या. सरळ होती! एकदम सरळ! मग काय, ती हौसाची नव्हे?

"हाय की!"

आत्ता कसं बोललात!

मंडळी, मेंढराचं कान कातरणं झालं. आता आपल्याकडं या. करंगळी रक्तातून येते. डोळ्यांचा रंग येतो, केसांचा कुरळेपणा येतो, कानाची खाचसुद्धा येते. तेही प्रत्येकाला नाही, आणि कधी कुणाला नव्यानंच येतं. पण 'चोराचा नातू' — हे रक्तातून येतं का? ते तर सुरीनं कातरलेलं! ती सुरी कुणाच्या हातात होती? मायाप्पाच्या? छे! विहिरीवर घागर बाजूला सारणाऱ्या बाईच्या हातात होती. शाळेच्या वाटेवर लेकराला हाक मारणाऱ्या पोरांच्या हातात होती. त्या बाईला वाटलं, गावानं ठरवलंय. गावाला वाटलं, कुणीतरी बघितलं असेल. बाप म्हणतो पोरानं केलं, पोर म्हणतो बापानं केलं!

आता सांगा, आज ह्या देवळात बसलेल्यांपैकी कितीजणांच्या कमरेला ती सुरी आहे? खाली बघू नका, मी नावं घेणार नाही. तुमच्या गल्लीत एक घर असेल, ज्या घरच्या पोराला तुम्ही त्याच्या बापाच्या नावानं ओळखता. उद्या ते पोरगं दिसलं की थांबा. आधी बोटानं चाचपा. कड मऊ आहे की टणक, ते बघा. टणक असेल, तर समजा की ते देवानं दिलेलं नाही, आपण पाडलेलं आहे.

हात जोडा. अण्णा, धरा सूर. देवा, माझ्या बोटाला चाचपण्याची बुद्धी दे, आणि सुरी माझ्याकडून काढून घे. आता सगळ्यांनी मोठ्यानं —

*सुरीची खूण सुरीपाशी राहे।*
*कुशीची खूण पुढे वाहे॥*

आणि शेवटची ती एक टाळी जास्त वाजवायला विसरू नका. ती तुमच्या आजोबांची आहे.