गाडी नागपुराक जाता

(तोंडवली. अंगणात गाडी उभी. गाड्या पोचवणाऱ्या कंपनीचा जितेंद्र तपासणीचा फॉर्म भरतो आहे. गाडीचे मालक गंगाराम आणि त्यांची बायको नर्मदा जवळ उभी.)

जितेंद्र : आरसी झाली, विमा झाला, पीयूसीही चालू आहे. आता गाडी बघतो. ब्रेक?

गंगाराम : लागणत नाय.

नर्मदा : काल अंगणात लागले मा?

गंगाराम : काल लागले. आज नाय.

जितेंद्र : दाबून बघतो, काका. लागतात. हेडलाइट?

गंगाराम : एकच पेटता.

जितेंद्र : दोन्ही पेटलेत.

गंगाराम : माका एकच दिसता.

नर्मदा : तेच्यासाठीच गाडी जाता मा.

जितेंद्र : म्हणजे?

नर्मदा : ह्यांका उजव्या डोळ्यान दिसणा नाय. डॉक्टरान सांगल्यान, गाडी बंद. तरी मासे आणूक म्हणान गेले, नि गाडी शेजारच्या किशोरीच्या दगडी गडग्यावर घातल्यानी. ती पलीकडे भात वाळत घाली होती. चेडू आमचा नागपुरात, अक्षया. तेना फोन करून सांगल्यान, गाडी माका पाठवा. तेवा हेनीच हो म्हटल्यानी.

गंगाराम : गडगो मी परत बांधून दिलंय.

नर्मदा : दिलास. पण किशोरी अजून गाडयेचो आवाज इलो की घरात जाता.

गंगाराम : ह्यां माका कोणी सांगूक नाय.

नर्मदा : कोण सांगतला तुमका?

जितेंद्र : काका, ब्रेकपुढे काय लिहू?

गंगाराम : बरे आसत म्हणान लिवा. लाइटी पण दोनव.

जितेंद्र : पुढच्या बंपरवर खरचटलंय.

गंगाराम : ता गडग्याचा. ताव लिवा.

जितेंद्र : फास्टॅग काढून ठेवा, नाहीतर वाटेत टोल तुमचाच कापला जाईल. आणि इथे सही. ट्रेलर तळेऱ्याला थांबलाय, या रस्त्यात तो वळत नाही. तिथपर्यंत गाडी मी चालवत नेतो.

गंगाराम : रस्तो म्हायत आसा?

जितेंद्र : नाही. तुम्ही शेजारी बसून सांगा.

गंगाराम : मगे येताना कसे इलास?

जितेंद्र : एसटीनं. झोपलो होतो.

नर्मदा : जावा तुमी. येताना एस्टीन येवा.

जितेंद्र : बसा. पट्टा लावा, काका.

गंगाराम : खंय आसा तो? गाडी घेतल्यापासून ह्या बाजूक मी बसाकच नाय.