दुसरी खडाव

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळात चाकूरच्या स्टँडवर एका बाकावर दोघी बायका बसल्या होत्या.

"दानम्मा, तुझ्या जावेच्या घरी लई गर्दी हाय म्हनं."

"असंल. रझाकारीत हरवलेली मठाच्या जुन्या स्वामींची चांदीची खडाव घावली न्हवं तिच्या नवऱ्याला! आमच्या सामाईक विहिरीचा गाळ काढताना."

"नशीब तिचं."

"कशाचं नशीब, शिवकांता? त्या दिवशी गाळाची पाळी आमची व्हती. आमचे हे नवं कलेक्टर हापिस बघायला लातूरला गेले, अन् पाळी भावाला दिली."

"अगं बाई!"

"आता सगळं गाव तिच्या पाया पडायलंय. काल मलाच म्हनली, चपला लांब काढ."

"पन घावली ती एकच. दुसरी मिळंस्तोवर मठ पूजेला घेत न्हाई म्हनं."

"जोडच लागते. अन् जोड तिच्या देवघरात काय जमायची न्हाई."

"काल तर पाळी तुमची व्हती. काय लागलं का हाताला?"

"गाळ लागला."

"मग आज कुठं निघालीस?"

"माहेरी, नांदेडला."

"ती पिशवी ठेव की खाली पायापाशी. कवाची उराशी धरून बसलीस."

"पायापाशी? शिव शिव! पाय लागला म्हंजी?"