सुनेनं लावलेल्या उठाबशा

माझं माहेर धरणगावकडलं, कापसाच्या रानातलं. कळायला लागलं तशी मायसंगं वेचणीले गेले, लग्न होऊन अमळनेरले आले तर जिनिंगमध्ये कापूस निवडायले, आयुष्य बठ्ठं वाकण्यात अन् उकिडवं बसण्यात गेलं, अन् काय सांगू तुम्हाले, गुडघ्यांनी म्हातारपणी सगळा वचपा काढला. मोरीपर्यंत जायचं तर सुनेच्या, रेखाच्या, खांद्यावर लोंबायचं. लाज वाटायची हो, फार लाज वाटायची.

दवाखान्यात व्यायामाच्या बाई व्हत्या, त्या म्हणाल्या, आजी, गुडघ्यातली गादी झिजली, ती काही परत यायची नाही, पण मांड्या बळकट केल्या तर भार त्या घेतील, नुसत्या पडून राहाल तर आहे तेही जाईल. खुर्चीवर बसून पाय सरळ धरायचा, हात न टेकता उठायचं, हळू बसायचं. थोडं दुखलं तर चालेल, फार दुखलं की थांबायचं. मी लवकरच कंटाळले, पण रेखा महा चिवट. समोर उभी राहून म्हणायची, आई, उठा, टेकू नका, आता परत उठा. मी तिले शिव्या द्यायची, रडायचीसुद्धा, ती काही हात द्यायले जवळ यायची नाही.

आमची भिंत पातळ. शेजारच्या अक्कांनी ऐकलं अन् धुळ्याले माझ्या लेकीले, मंगलले, फोन लावला की तुनी मायले वहिनी उठाबशा काढाले लावस, म्हातारी रडस. झालं, दुपारच्या एसटीनं मंगल दारात, घामाघूम, चपलासुद्धा काढल्या नाहीत, अन् माझी लुगडी पिशवीत कोंबायले लागली. माय, चाल मनासंगे, तिकडे पलंगवर बस, तुले पाय खाले ठेवानं काम नही. रेखाले म्हणे, तुनी माय ऱ्हाती ते असंच करती का, तिलेबी असंच रडवती का? रेखा पांढरीफटक. मी समजवायले गेले तर मंगलले वाटलं सुनेच्या धाकानं बोलते, म्हणे, ती समोर शे म्हनीसन तू घाबरस.

मोहही झाला, खोटं कशाले सांगू, गरम ताट हातात अन् दुखणं नाही. पण एकदा त्या पलंगावर पडले की मी उठायची नाही, हे मले दिसत व्हतं.

मंगलनं हात पुढं केला. मी म्हटलं, हात काढ. खुर्चीवरून उठायले गेले अन् धपकन मागं बसले. मंगल धावली, तर रेखा म्हणे, ताई, हात लावू नका. मले वाटलं, आता मंगल रेखाले मारते. मी दात आवळले, परत रेटा दिला, गुडघे कडाकडा वाजले, पण उठले. तशीच चालत गेले अन् पिशवीतली लुगडी एकेक बाहेर काढली.

मंगल चहा न घेता गेली. वहिनीशी अजून नीट बोलत नाही. गुडघे आजही दुखतात, ते मरेपर्यंत दुखणार. देव लेकीले सुखी ठेवो, तिच्या मायेत खोट नाही, पण त्या मायेनं मले पलंगावरच मारलं असतं.